अकरा निळी दारं

खामपनने आयुष्यात एकही सिनेमा आधी पाहून आवाज दिला नव्हता, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला ऐकवायचा. कोणी आपल्या ऑपरेशनबद्दल सांगतं, कोणी कोर्टातल्या खटल्याबद्दल, तसा खामपन हे सांगायचा. ऐकणाऱ्याने कंटाळून मान फिरवली तरी त्याचं थांबायचं नाही.

"आधी पाहिलं की आवाज शिळा होतो," तो म्हणायचा. "पडद्यावरच्या माणसाला पुढे काय होणार ठाऊक असतं का? नसतं. मग मला कशाला पाहिजे?"

औषधवाल्यांच्या ट्रकबरोबर तो तीस वर्षं गावोगाव फिरला होता. भात कापलेल्या शेतात दोन बांबू रोवायचे, त्यावर पडदा ताणायचा, ट्रकच्या मागच्या बाजूला प्रोजेक्टर लावायचा आणि खाली मोडक्या स्टुलावर माइक धरून खामपन बसायचा. सिनेमा परक्या भाषेतला असो की मुका असो, त्याला फरक पडत नसे. नायक तोच, खलनायक तोच, नायकाची म्हातारी आई तोच, हत्ती आणि पाऊससुद्धा तोच. नायिका कड्यावरून लोंबकळत असली की ट्रकवाला प्रोजेक्टर बंद करायचा आणि खामपन त्याच गहिवरल्या आवाजात जंताचं औषध विकायचा. अर्ध्या बाटल्या खपल्याशिवाय नायिका वर यायची नाही. लोकांनी त्याला नाव दिलं सिआंगथोंग, सोन्याचा आवाज. खामपन हे नाव मग फक्त ओळखपत्रावर आणि मतदानाच्या कागदावर उरलं.

ह्या धंद्याचे त्याचे दोन नियम होते. पडद्यावर तोंड उघडलं की त्यात आवाज पडलाच पाहिजे, मग तो कसलाही असो. आणि दुसरी संधी नाही. "स्टुडिओतली माणसं एक वाक्य दहादा बोलतात," तो छद्मीपणे हसून म्हणायचा, "आमच्याकडे एकदा सुटलं ते सुटलं."

बायको लवकर गेली. तेव्हापासून नऊ वर्षांची रुंग त्याच्या शेजारी बसून बायकांचे आवाज काढायला लागली. तिचं पूर्ण नाव सायरुंग, म्हणजे इंद्रधनुष्य. लोक सिनेमा सोडून त्या चिमुरडीकडे बघत. धाकटा पाकोन ट्रकखाली गोधडीत शिरून कान दाबून पडलेला असायचा, कारण त्याला भुतांची भीती वाटे. ताई मध्येच वाकून त्याच्या तोंडात भाजलेल्या सुक्या माकुळ मासळीचा तुकडा कोंबायची आणि परत वर येऊन राजकन्येच्या आवाजात रडायची.

आणि आता हाच पाकोन बँकॉकमध्ये राहून भुतांचे सिनेमे करत होता. त्यातलं भूत कोणाला धरत नाही, कोणाचं आतडं खात नाही. ते स्वयंपाकघरात बसून राहतं, किंवा त्याच्या पाठीतून झाड उगवतं. "दीड तास भूत नुसतं बसलेलं, आणि परदेशातले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात," खामपन गावात सांगायचा. "आमच्या वेळी असं भूत दाखवलं असतं तर लोकांनी ट्रक उलटा केला असता."

रुंग गेल्याच्या शंभराव्या दिवसाच्या दोन दिवस आधी पाकोन आला. बरोबर लॅपटॉप, छोटा प्रोजेक्टर आणि दोन मोठ्या पेट्या होत्या. बापाला हात जोडून नमस्कार केला, ताईच्या फोटोपुढे चिकट भाताचा गोळा ठेवला आणि पायरीवर बसून म्हणाला, "बाबा, सिनेमा झालाय. म्हणजे चित्रं झालीत. आवाज नाही."

"मग?"

"आवाज तुम्ही द्या. परवा संध्याकाळी, विहाराच्या पटांगणात. भन्तेंना विचारलंय मी, ते हो म्हणाले."

"मी? तुझ्या त्या मुक्या भुतांना?"

"ताईवर आहे सिनेमा."

खामपनने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "संवाद लिहिलेत?"

"तुम्ही कधी कागद घेऊन बसलात?"

हे मात्र म्हाताऱ्याला आवडलं. पाकोनने लॅपटॉप उघडला. "एकदा बघून घ्या ना. छप्पन्न मिनिटांचाच आहे."

"ठेव ते. मी आधी बघत नाही."

"ह्या वेळी बघा, बाबा. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"तुझ्या जन्माआधीपासून करतोय मी हे! तू मला शिकवणार?"

पाकोनने लॅपटॉप मिटला. आणि अभिमानी माणसाचं जे होतं तेच खामपनचं झालं: आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

त्याला सिनेमा करायचा होता, पण पोरावरच्या प्रेमापोटी नव्हे. शंभर दिवस त्याने गावात एकच गोष्ट चघळली होती: बहीण मरत होती, तिने भावाला चार वेळा फोन केला आणि भावाने उचलला नाही. हे त्याला कोणा तिसऱ्याने सांगितलं नव्हतं. अंत्यसंस्काराच्या दिवशी पाकोन स्वतःच सगळ्यांसमोर चितेच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बसून बोलला होता, "चारदा वाजला. मी बघितलं. एडिटिंग चाललं होतं, म्हटलं रात्री करू." खामपनने ते वाक्य झेललं आणि खिशात घातलं. मग चहाच्या टपरीवर, विहारात, भाताच्या गिरणीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे ते काढून दाखवलं. आता तर पोरगं स्वतःच माइक हातात देत होतं. अख्खं गाव पुढे बसलेलं असणार. ह्याच्याच सिनेमात ह्याच्याच तोंडात शब्द घालायचे. इतकी चांगली सोय देवही करत नाही.

पण एक गोष्ट त्याने टपरीवर कधीच काढली नव्हती.

रुंगला पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. ताप उतरला की माणूस बरं झालं असं आपण समजतो. डेंग्यूत खरा धोका तिथूनच सुरू होतो, हे डॉक्टरने नंतर सांगितलं. दुपारी ती म्हणाली, "बाबा, पोटात फार दुखतंय. दवाखान्यात नेता?" त्या दिवशी जिल्ह्याच्या जत्रेत जुन्या कलावंतांचा सत्कार होता. वीस वर्षांनी खामपनच्या हातात कोणी माइक देणार होतं. गावातली निम्मी माणसं त्याला ऐकायला टेम्पो करून निघाली होती. त्याने इस्त्रीचा रेशमी सदरा चढवला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताप कुठाय? निजून राहा. आठपर्यंत येतोच."

माइकजवळ फोन वाजला की भोंग्यात घरघर येते, म्हणून स्टेजवर चढताना त्याने फोन बंद केला. साडेसहाला उतरला तेव्हा गळ्यात हार होता. फोन सुरू केला आणि एकामागून एक निरोप यायला लागले, ह्या नंबरवरून तुम्हाला फोन आला होता. मोजले तर अकरा. रुग्णवाहिकेचा नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, पण माणूस आधी आपल्या माणसालाच हाक मारतं. त्याने उलटा फोन लावला तो शेजारच्या बुनमीने उचलला. विकायला नेलेली भाजलेली कोंबडी लवकर संपली म्हणून ती जत्रेतून आधी परतली होती. ती नुसती ओरडत होती. स्टेजच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीआड उभं राहून खामपनने ते अकरा निरोप पुसून टाकले. मग धावला. रुंग दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

हे कोणालाही ठाऊक नव्हतं. रुंगचा फोन कुलूपबंद होता. खामपन तो चितेवर ठेवायला निघाला होता, पण बॅटरी फुटेल म्हणून भन्तेंनी अडवलं. मग तो फोन कपाटात गेला, आणि सातव्या दिवशी पाकोन बँकॉकला परतला तेव्हा कपाटात नव्हता. तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. पण पोरगं शंभर दिवसांत एक चकार शब्द बोललं नाही. त्यावरून खामपनने ठरवून टाकलं की ह्याला कुलूप उघडता आलेलं नाही. जे सोयीचं असतं ते ठरवायला माणसाला वेळ लागत नाही.

शंभराव्या दिवशी सकाळी भिक्खूंचं भोजन झालं, पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरला, रुंगच्या अस्थी विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसल्या. संध्याकाळी पटांगणात चटया पडल्या. बुनमीने कोपऱ्यात शेगडी पेटवली होती आणि कोंबडी उलटता उलटता येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "भुताचा आहे म्हणे! डोकं उडतं का त्यात? आतडी लोंबतात का?"

"नाही मावशी," पाकोन तारा जोडत म्हणाला.

"मग कसलं रे मेलं भूत? पोरं झोपतील ना!"

"तुम्ही झोपू नका म्हणजे झालं."

पहिल्या चटईवर मधोमध एक जागा मोकळी सोडली होती. तिथे पाण्याचा पेला आणि भाजलेल्या माकुळाचा तुकडा ठेवला होता. ती रुंगची जागा. लहान मुलंही तिला वळसा घालून जात होती.

खामपनने तोच रेशमी सदरा घातला होता. स्टुलाजवळ केळीच्या पानावर पाच जोड फुलं आणि पाच जोड मेणबत्त्या मांडून त्याने आपल्या गुरूला हात जोडले. जुना माइक पेटीतून काढला, फुंकर मारली. भोंग्यातून ती फुंकर सगळ्या पटांगणावरून गेली आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. "सिआंगथोंग!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. पाकोनने माइकची तार एका काळ्या डबीत खुपसली आणि डबीची तार भोंग्यात.

"ही कसली डबी?"

"आवाज साफ येतो, बाबा."

मग पडद्यावर पाणी आलं. तुडुंब भरलेलं भाताचं शेत, आणि त्यात गुडघाभर पाण्यात उभं असलेलं घर. खामपनचंच घर होतं ते, फक्त भिंती नव्हत्या. खाट, कपाट, चूल, निळा रंग दिलेलं पुढचं दार, सगळं जागच्या जागी उघड्यावर. खाटेवर एक मुलगी निजलेली. तिच्या अंगातून वाफ निघत होती, वर जाऊन ढग होत होती, आणि त्या ढगातून पाऊस खाली न पडता वर पडत होता.

"च्यायला," चटईवरून कोणीतरी म्हणालं.

"ताप!" खामपनने भोंग्यातून घोषणा केली. "ताप असा की पाऊससुद्धा खाली यायला घाबरतोय!" लोक हसले. त्याच्या मणक्यातून जुनी झिणझिण वर चढली. हेच तर हवं होतं त्याला. एकदा लोक हसले की ते आपले, मग त्यांना कुठेही न्या.

पडद्यावर दुसरी खोली आली. एक तरुण टेबलाशी बसून सिनेमाची रिळं कात्रीने कापत होता आणि कापलेले तुकडे शेवयांसारखे खात होता. त्याचे कान पांढऱ्या चिकटपट्टीने बंद केलेले. टेबलावरच्या वाडग्यातलं पाणी थरथरायला लागलं. फोन कुठे दिसत नव्हता, पण काय वाजतंय ते लहान पोरालाही कळलं. तरुणाचे ओठ हलले.

खामपन तयारच होता. त्याने नाकातला, शहरी, गुळगुळीत आवाज काढला. "कोण? ताई? छे, आत्ता नको! मी फार मोठा माणूस आहे. परदेशातले लोक माझ्यासाठी उभे राहणार आहेत. ताईचं काय, ताई कुठे जातेय!"

आता कोणी हसलं नाही. चटयांवरून हूं असा आवाज आला, आणि बऱ्याच माना पाकोनकडे वळल्या. पाकोन लॅपटॉपच्या उजेडात तसाच बसला होता. वाडग्यातलं पाणी थांबलं आणि शेतातल्या पाण्यातून एक दार वर आलं. पांढरं, चौकटीसकट, नुसतंच उभं. मग पुन्हा पाणी थरथरलं. खामपनने पुन्हा टोला दिला, "हिला काही कामधंदा नाही वाटतं! जिने मला भरवलं, निजवलं, तिला म्हणावं थांब!" दुसरं दार. तिसरं. चौथ्या वेळी तरुणाने स्वतःचाच हात तोंडात घातला आणि मनगटापर्यंत गिळला. बायकांनी पदर तोंडाशी नेले. चार पांढरी दारं पाण्यात उभी राहिली.

"पुरे करा, काका," बुनमी शेगडीजवळून ओरडली. "पोर आपल्याच हाताने आपले वाभाडे काढतंय, तुम्ही अजून कशाला काढताय?"

खामपनला राग आला. लोक ज्याच्या बाजूने जायला हवे होते त्याच्या बाजूने जात नव्हते. त्याला हेही दिसलं की पोराने स्वतःला कुठेच वाचवलेलं नाही. त्याला वाटलं होतं, पाकोन पळवाट काढेल आणि आपण ती बंद करू. इथे पळवाटच नव्हती. बंद करायला काही उरलं नाही की माइक हातात जड लागतो.

मग खाटेवरची मुलगी उठून बसली आणि तिने तोंड उघडलं.

नियम तो नियम. पण बायकांचे आवाज शेवटची दहा वर्षं रुंगने काढले होते. खामपनने घसा आकसला आणि एक बारीक, थरथरता आवाज सोडला, "कोण आहे का घरात?" तो आवाज भोंग्यातून बाहेर पडला आणि त्याने स्वतः ऐकला. तो रुंगचा होता. तिनेच तर लहानपणी त्याच्याकडून उचलला होता, आणि आता तो आपल्या जुन्या जागी परत आला होता. पहिल्या चटईवरच्या मोकळ्या जागेकडे त्याची नजर गेली. माझी पोर, त्याच्या मनात आलं, माझी गुणाची पोर, आणि डोळे एकदम भरून आले. अंत्यसंस्कारात आले नव्हते इतके.

मुलगी पाण्यात उतरली. चार पांढऱ्या दारांपुढून ती चालत गेली, एकेक ठोठावत. शवपेटीवर टकटक करून गावात मेलेल्याला जेवायला बोलावतात, तशीच टकटक. दारं उघडली नाहीत. मग ती वळली, सरळ पडद्याबाहेर बघू लागली, आणि तिच्या मागे पाण्यातून आणखी एक दार वर आलं.

निळं.

लोकांना काही कळलं नाही. कोणी तरी विचारलं, "आता हे कोणाचं?" खामपनला कळलं. निळ्यामागे दुसरं निळं आलं, मग तिसरं. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजत राहिला. पाच. सहा. रंग त्याच्या दाराचाच होता, खालच्या कोपऱ्यात कुत्र्याने ओरबाडलेलं तेसुद्धा प्रत्येक दारावर होतं. नऊ. दहा. दहाव्यानंतर पडदा इतका वेळ स्थिर राहिला की त्याला वाटलं, संपलं, पोराला एक कमी सापडला, देवा, संपलं. मग अकरावं आलं.

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. पाकोन पडद्याकडे बघत नव्हता. तो बापाकडे बघत होता.

अकरा दारं एकदम उघडली. आत एक म्हातारा उभा होता, पाठमोरा, रेशमी सदऱ्यातला, गळ्यात हार. सदऱ्याचा खिसा आतून उजळत होता, विझत होता, उजळत होता. मुलीचे ओठ हलले. खामपनचा घसा आपोआप आकसला. तीस वर्षांची सवय, डोक्याला विचारत नाही.

"बाबा," भोंगा रुंगच्या आवाजात म्हणाला, "उचला ना."

पटांगणात शेगडीवरची चरबी तडतडलेली ऐकू आली.

म्हातारा वळला. त्याला खामपनचा चेहरा दिला होता, फोटोवरून केलेला मुखवटा, पण जबडा खरा होता. तो जबडा उघडला. उघडत गेला, छातीपर्यंत, आणि तसाच राहिला. आत अंधार होता, आणि अंधाराच्या तळाशी, बोटाएवढी, खाटेवर बसलेली मुलगी.

तोंड उघडं होतं आणि त्यात आवाज नव्हता.

ट्रकच्या दिवसांत हीच वेळ असायची. इथेच प्रोजेक्टर बंद व्हायचा, इथेच बाटल्या बाहेर यायच्या. पण प्रोजेक्टर पोराच्या हातात होता, आणि पोरगं बंद करत नव्हतं. दहा सेकंद. वीस. एक म्हातारी सवयीने ओरडली, "सिआंगथोंग, झोपलास का रे? बोलतंय ते!" आणखी दोघे हसले. खामपनला काहीही म्हणता आलं असतं. 'आलो गं पोरी' म्हणाला असता तरी भागलं असतं, लोक रडले असते, घरी गेले असते. ते वाक्य जिभेवर आलंही. पण त्याच आवाजात त्याने तिला म्हटलं होतं, आठपर्यंत येतोच.

"फोन मी बंद केला होता," तो म्हणाला.

हा आवाज कोणाचाच नव्हता, नायकाचा नाही, खलनायकाचा नाही. पडद्यावरचं तोंड अजून उघडंच होतं, त्याला आणखी हवं होतं.

"ती म्हणाली पोटात दुखतंय. मला माइक हवा होता. मी म्हटलं ताप कुठाय. अ..." इथे त्याचा आवाज मधोमध फाटला, बांबूसारखा, आणि नुसती हवा गेली. "अकरा वेळा केला तिने. मी मोजले आणि पुसले. हार गळ्यात होता माझ्या. आणि ह्या पोराचे चार तुम्हाला सगळ्यांना रोज वाढले."

तोंड मिटलं. पाणी आलं, नुसतं पाणी, मग पडदा पांढरा झाला.

टाळ्या पडल्या नाहीत. शिव्याही पडल्या नाहीत, त्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांनी पोरांना उचललं, चटया गुंडाळल्या आणि त्याच्या बाजूने न जाता लांबच्या फाटकातून गेले. बुनमी शेगडी विझवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी तुम्हाला रोज डबा आणून देत होते," ती म्हणाली. "बापाचं दुःख म्हणून." तिने पहिल्या चटईवरचा पेला आणि माकुळाचा तुकडा उचलला आणि रुंगच्या कोनाड्याकडे घेऊन गेली.

खामपन स्टुलावर बसून होता. पाकोन पेट्या भरायला लागला.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"सातव्या दिवसापासून. फोनचं कुलूप माझ्या जन्मतारखेचं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." पाकोन प्रोजेक्टर पुसत होता. "आधी चारच दारं केली होती, बाबा. सिनेमा संपतच नव्हता. प्रत्येक वेळी वाटायचं, ताई अजून कुठेतरी ठोठावतेय."

"गावासमोर केलंस."

"तुम्ही गावासमोरच करत होतात. परवा म्हटलं ना, आधी बघून घ्या. एकट्याने बघितलं असतं तर एकट्यातच मिटलं असतं."

म्हाताऱ्याची नजर काळ्या डबीवर गेली. तिच्या टोकाला एक लाल ठिपका जळत होता. त्याने आयुष्य यंत्रांत घालवलं होतं, त्याला सांगावं लागलं नाही.

"घेतलंस ते? माझं बोलणं?"

"सिनेमाला आवाज हवा होता."

"जिथे जिथे दाखवशील तिथे हेच ऐकू येणार?"

"हो."

खामपनने मान हलवली. मारावं, रडावं, पाया पडावं, काय करावं ते त्याला समजेना. मग त्याने माइक दोन्ही हातांत धरला, सदऱ्याने त्याची जाळी पुसली आणि अगदी हळू, काही मागायची सवय नसलेल्या माणसासारखा म्हणाला, "ते अकरा म्हणताना आवाज फाटला रे माझा. नीट आलं नाही. कोणाला कळायचं नाही ती किती वेळा... तेवढं एकदा परत घेऊ. तेवढंच एक."

पाकोनने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, पण हात थांबले नाहीत. कोपर आणि अंगठ्यामध्ये तो तार गुंडाळत आला, गुंडाळत आला, आणि ती संपली तेव्हा बापाच्या अगदी पुढ्यात उभा होता.

"आमच्याकडे एकदा सुटलं ते सुटलं," तो म्हणाला, आणि त्याने बापाच्या हातातून माइक काढून घेतला.